उन्हाळ्यातील बोली-पाहणी आणि दिवसाची आखणी

भाषाविज्ञानाच्या पाठ्यग्रंथांत क्षेत्रकार्यावर जे प्रकरण असते, त्यात निवेदकाची निवड, शब्दसूचीची रचना, ध्वनिमुद्रणाची तंत्रे या विषयांचे विस्तृत विवेचन आढळते. निवेदकाच्या दारापर्यंत पोचावे कसे, याविषयी मात्र त्यात सहसा एक ओळही नसते. ग्रिअर्सन यांच्यापुढे हा प्रश्न फारसा उभा राहिला नाही. कारण त्यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीतील नमुने बहुतांशी जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांकरवी मागविलेले होते. आज अभ्यासकाने स्वतः गावात जाऊन बसावे हे आपण गृहीतच धरतो, आणि परीक्षा व सुट्ट्या यांचे वेळापत्रक असे आहे की आपले विद्यार्थी गावात जाऊन बसतात ते एप्रिल-मे महिन्यांत. गोंदिया जिल्ह्यात याच दोन महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढणे नित्याचे असते. यास्तव उन्हाळ्यात दिवसभर पायी हिंडण्याची आखणी कशी करावी, हा विषय क्षेत्रकार्याच्या पद्धतीचाच एक भाग मानला पाहिजे. प्रस्तुत लेखकाला ही गोष्ट उशिरा आणि एका विद्यार्थ्याच्या जिवावर बेतल्यानंतर समजली. तो प्रसंग पुढे यथास्थळी येईलच.

पायीच का जावे, असा प्रश्न कोणी विचारील. भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात मोठ्या गावांपर्यंत मोटार जाते हे खरे. परंतु येथील भाषिक वैविध्य मोठ्या गावांच्या चौकांत तितकेसे हाती लागत नाही. झाडीबोली, पोवारी, गोंडी, हलबी आणि पूर्वेकडून येणारी छत्तीसगढीची छटा यांची सरमिसळ ऐकावयाची तर मूळ गाव सोडून त्याच्या टोल्यावर जावे लागते. गाव एका समाजाचे आणि टोला दुसऱ्याचा, असे पुष्कळदा आढळते. म्हणजे एखाद्या ध्वनिविशेषाची सीमारेषा दोन तालुक्यांमधून न जाता गाव आणि त्याचा टोला यांमधल्या धानाच्या बांध्यांतून जाते. ती रेषा ओलांडण्याचे साधन म्हणजे पाय. एका दिवसात तीन-चार टोले करावयाचे ठरविले की बारा-पंधरा मैलांची चाल सहज होते.

आता अशा चालीचे गणित नेहमी अंतरावरून मांडले जाते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला नियम अजूनही गिरिभ्रमण करणाऱ्यांच्या तोंडी असतो: दर तीन मैलांस एक तास, आणि दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास. सालेकसा-देवरीकडील डोंगर आणि नवेगावभोवतालच्या टेकड्या वगळल्या तर गोंदिया जिल्ह्याचा बराचसा भाग सपाट भातशेतीचा आहे. तेव्हा या नियमाप्रमाणे येथे चढाचा भार जवळजवळ शून्य येतो आणि दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर ही काही मोठी मजल ठरत नाही. डिसेंबरात हे गणित बरोबर येते. मे महिन्यात ते सपशेल चुकते, कारण तेव्हा ऊन हाच येथला चढ असतो, आणि तो नकाशावर दाखविलेला नसतो.

हा चढ कसा वाढत जातो ते थोडक्यात पाहू. सपाटीवर बऱ्यापैकी वेगाने चालणाऱ्या माणसाच्या शरीरात ताशी सुमारे अडीचशे ते तीनशे किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. हवा थंड असली तर ती उष्णता त्वचेवरून परस्पर बाहेर पडते. परंतु त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून अधिक तापली की व्यवहार उलटा होतो आणि हवाच शरीराला उष्णता देऊ लागते. वारा सुटला तर आपल्याला बरे वाटेल असे आपण समजतो. पण ४३ अंशांचा कोरडा वारा म्हणजे भट्टीचा भाता असतो. अशा वेळी शरीराजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. म्हणजे केवळ चालण्याने निर्माण झालेली उष्णता फेडण्यासाठीच ताशी अर्धा लिटर घाम लागतो. माथ्यावरचे ऊन आणि पायाखालची तापलेली जमीन यांचे देणे निराळेच. ताशी एक लिटर घाम जाणे ही मे महिन्यातील उघड्या रानात मुळीच असाधारण गोष्ट नव्हे. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो अंगावर दिसतही नाही, क्षणात वाळतो. ‘मला तर घामच आला नाही’ असे म्हणणारा विद्यार्थी बहुधा सर्वांत अधिक पाणी गमावून बसलेला असतो.

हवामान खात्याच्या आकड्यांविषयी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. खाते जे कमाल तापमान देते ते सावलीतल्या पेटीत, जमिनीपासून चार फुटांवर मोजलेले असते. डांबरी सडकेवर दुपारी एक वाजता उभ्या असलेल्या माणसाचे ते तापमान नव्हे. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांच्या वर असून ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वाढले, किंवा प्रत्यक्ष ४५ अंशांवर पोचले, म्हणजे उष्णतेची लाट समजतात. लाटेचा इशारा असेल त्या दिवशी पायी दौरा काढू नये. या बाबतीत मी कोणताही अपवाद मानीत नाही.

मग ज्या दिवशी जावयाचे त्या दिवसाची आखणी कोठून सुरू करावी? येथे आपल्याला पुस्तकांपेक्षा तेंदूपत्ता तोडणाऱ्या कुटुंबांकडून अधिक शिकता येते. एप्रिलच्या उत्तरार्धापासून मे अखेरपर्यंत जिल्ह्याच्या जंगलपट्टीतील निम्मे गाव पहाटेच पानासाठी बाहेर पडते. ऊन चढण्यापूर्वी पाने तोडून मंडळी घराकडे वळतात. भर दुपारी ओसरीवर किंवा मोहाच्या सावलीत बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधण्याचे काम चालते. आणि ऊन उतरले म्हणजे पुडे घेऊन सर्व जण फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, जातात. म्हणजे दिवसाचे काम कमी झालेले नाही, फक्त त्यातले चालणे दोन टोकांना गेले आहे आणि बसून करावयाचे काम मध्ये आले आहे. या माणसांनी दिवस अंतराने कापला नाही, दुपारने कापला आहे. आपल्या आखणीतही पहिला प्रश्न ‘आज किती किलोमीटर?’ हा नसावा. ‘अकरा वाजता आपण कोणाच्या सावलीत असू?’ हा असावा. दुपारचे ठिकाण आधी निश्चित करावे आणि तेथून सकाळ मागे व संध्याकाळ पुढे मोजावी.

भाषेच्या अभ्यासकाला तर ही दुपार फुकट जात नाही. ज्या वेळी निवेदक घरी सापडतो ती हीच वेळ. हात पुडे बांधण्यात गुंतलेले असताना माणसे जितकी मोकळेपणाने बोलतात, तितकी शब्दसूची समोर धरून बसविल्यावर बोलत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मात्र मजुरी पुड्यांवर मिळते, हे विसरून त्यांचे हात थांबवू नयेत. जमल्यास आपणही चार पुडे बांधावेत. ते बहुधा पुन्हा सोडून बांधावे लागतात, आणि त्या निमित्ताने जी बोली ऐकू येते ती कोणत्याही सूचीत नसते.

सकाळ मागे मोजावयाची ती अशी. मेच्या मध्यास गोंदियास सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. नऊच्या सुमारास तो क्षितिजापासून ४५ अंशांवर येतो. तेव्हा आपली सावली बरोबर आपल्या उंचीएवढी होते. यानंतर सावली आखूड होत जाते आणि मेच्या अखेरच्या आठवड्यात तर मध्यान्ही, म्हणजे घड्याळात बारा वाजून काही मिनिटांनी, ती जवळजवळ पायाखाली नाहीशी होते. नवतपा म्हणून जे नऊ दिवस लोक मोजतात ते याच सुमारास, २५ मेपासून, सुरू होतात. लोकगणना आणि खगोल यांचे येथे चांगले जुळते. ‘दिवस कासराभर वर आला’ हा आपल्या भाषेतला जुना वाक्प्रचार सूर्याची उंची गुरांच्या दोरीने मोजतो; चालणाऱ्याने ती स्वतःच्या सावलीने मोजावी. सावली उंचीएवढी झाली की उघड्या बांध्यांतली चाल संपवावी, आणि फार तर झाडीतून तासभर आणखी चालावे. साडेपाच ते नऊ या साडेतीन तासांत विसाव्याचा वेळ वजा जाता बारा किलोमीटर होतात. कमाल तापमान दुपारी बाराला नसून अडीच ते चारच्या दरम्यान असते, म्हणून ‘एक वाजला, आता ऊन कलले’ हा समज घातक होय. पाचच्या आत पुन्हा निघू नये. सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास. तेव्हा संध्याकाळच्या वाट्याला पाच-सहा किलोमीटर येतात. एकूण अठरा. ज्याला अठरा थोडे वाटतील त्याने दौऱ्याचा एक दिवस वाढवावा, दिवसाचे किलोमीटर वाढवू नयेत.

पहाटे अंधारातच निघालो तर आणखी दोन तास मिळतील, असा हिशेब विद्यार्थी हमखास मांडतात. सडकेवर तो चालेल, जंगलवाटेवर नाही. मोहाची फुले पडण्याचा हंगाम मार्च-एप्रिलचा. त्या फुलांवर अस्वले येतात आणि झुंजुमुंजू वेळीच माणसांशी त्यांची गाठ पडते. नवेगाव-नागझिरा हे तर २०१३ पासून व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र आहे. त्याच्या आत पायी हिंडण्याचा प्रश्नच येत नाही, परंतु भोवतालची गावे जंगलाला लागूनच आहेत. वाट स्पष्ट दिसू लागल्याशिवाय झाडीत शिरू नये, एकट्याने शिरू नये, आणि आदल्या दिवशी गावच्या पोलीस पाटलांना व वनरक्षकांना आपला मार्ग सांगून ठेवावा. उन्हापासून वाचण्यासाठी पहाट हवी आणि अस्वलापासून वाचण्यासाठी उजेड हवा. या दोहोंमध्ये जो अर्धा तास सापडतो तोच निघण्याचा.

पाण्याविषयी संकोच नको. चालण्याच्या प्रत्येक तासाला माणशी पाऊण ते एक लिटर धरावे. सकाळच्या चालीसाठी प्रत्येकाच्या पाठीवर तीन लिटर, म्हणजे तीन किलो, असलेच पाहिजे. ‘वाटेत हातपंप आहे’ ही माहिती ज्याने गेल्या आठवड्यात त्या पंपाचे पाणी प्याले असेल त्याच्याकडूनच घ्यावी. मे महिन्यात पंप कोरडे पडतात. नकाशावरचे ओढे तर मुळीच हिशेबात धरू नयेत. दरेकसाजवळचा हाजरा धबधबा पावसाळ्यात पाहून आलेल्या मंडळींनी उन्हाळ्यात त्याच्या भरवशावर पाण्याची बाटली हलकी करू नये. हा तलावांचा जिल्हा आहे, गावोगावी मालगुजारी तलाव आणि बोड्या आहेत. ते पाणी न उकळता पिण्याचे नव्हे, परंतु दुपट्टा भिजवून डोक्यावर व मानेवर घेण्यास उत्तम. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्यावे. तहानेची वाट पाहू नये. मात्र घामाबरोबर मीठही जाते, म्हणून नुसतेच पाणी तासन्‌तास ढोसत राहणे हेही धोक्याचे आहे; रक्तातील क्षार विरळ होऊन डोके दुखणे, मळमळ, क्वचित याहून गंभीर परिणाम होतात. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही घरगुती जलसंजीवनी सर्वांना ठाऊक आहे. कैरीचे मीठ घातलेले पन्हे किंवा गावात मिळणारी पेज यांनीही तेच काम होते, आणि ती नाकारून यजमानाला दुखविण्याचे कारणही उरत नाही.

सर्व उष्णता एकाच जातीची नसते, हेही ध्यानात घ्यावे. वर सांगितलेला हिशेब कोरड्या हवेचा आहे. मेच्या अखेरीस वळवाची एखादी सर येऊन गेली, किंवा आपण कालव्याच्या पाण्यावर उभ्या असलेल्या उन्हाळी धानातून चाललो, तर हवेत दमटपणा असतो. तापमापक दोन-तीन अंश कमी दाखवितो, माणसाला हायसे वाटते, आणि घाम मात्र वाळत नाही. न वाळलेला घाम गारवा देत नाही. अशा दिवशी ३९ अंशही जड जातात. वेग कमी करणे आणि वारंवार बसणे याखेरीज त्यावर इलाज नाही.

शिवाय महिनाभर पंख्याखाली परीक्षेचा अभ्यास केलेले शरीर हे उन्हाचे शरीर नव्हे. उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. म्हणून दौऱ्याचा पहिला दिवस सर्वांत लांब ठेवण्याची आपली जी रीत आहे (उत्साह त्या दिवशी असतो, हे त्याचे कारण) ती उलटी केली पाहिजे. पहिले तीन-चार दिवस तासा-दोन तासांचीच चाल असावी.

अंतर विचारण्याची बाब किरकोळ वाटेल, पण आमच्यासारख्यांनी तरी तिच्याकडे लक्ष द्यावे. ‘टोला किती दूर आहे?’ या प्रश्नाला ‘हा काय, जवळच’ असे उत्तर येते, ते खोटे नसते. ते सांगणाऱ्याच्या पायांच्या, त्याच्या सवयीच्या आणि तो ज्या वेळी तेथे जातो त्या वेळेच्या मापाने दिलेले असते. म्हणून अंतर न विचारता ‘आत्ता निघालो तर आम्ही केव्हा पोचू? तुम्ही स्वतः आत्ता निघाल का?’ असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक मोलाचे असते.

हा प्रश्न मी २०१४ च्या मे महिन्यात विचारला असता तर पुढचे सांगावे लागले नसते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका टोल्यावर आम्ही चौघे, प्रस्तुत लेखक आणि तीन विद्यार्थी, शब्दसूची घेऊन गेलो होतो. सहाला निघून दहाच्या आत परतावयाचे ठरले होते. ध्वनिमुद्रकाच्या बॅटऱ्या आणि चहा यांपायी निघावयास साडेसात वाजले. आजीबाई निवेदक म्हणून अतिशय चांगल्या निघाल्या आणि सूची हातावेगळी होण्यास साडेअकरा झाले. त्या म्हणाल्या, भात खा, पडा, ऊन उतरल्यावर जा. मी नको म्हटले. मूळ गावात गाडी थांबली होती, अंतर चारच किलोमीटर होते, आणि आखणीत दुपार त्या टोल्यावर काढण्याची सोयच नव्हती. चौघांत मिळून दोन लिटर पाणी उरले होते.

कालव्याच्या कडेने तीनेक किलोमीटर गेल्यावर एका विद्यार्थ्याने ‘डोळा’ हा शब्द घेतला का, असे विचारले. घेतला, असे मी सांगितले. थोड्याच वेळाने त्याने तेच पुन्हा विचारले, आणि नंतर तिसऱ्यांदा. त्याचे शब्द ओढल्यासारखे येत होते. मला ती थट्टा वाटली. मी थट्टेनेच उत्तर दिले. काही मिनिटांनी तो धुऱ्यावर बसला आणि आपण कोणत्या गावाला चाललो आहोत हे त्याला सांगता येईना. सुदैवाने जवळच्या उन्हाळी धानात मोटारपंप चालू होता. त्याला पळसाच्या सावलीत आडवे करून, सदरा काढून, अर्धा तास अंगावर पाणी ओतीत आणि दुपट्ट्याने वारा घालीत राहिलो. दोघांनी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली. दोन दिवस रुग्णालयात राहून तो बरा झाला.

नंतर त्याची वही मी टोल्यावरच्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिली. झाडीबोलीत ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. हाच विशेष टिपण्यासाठी तो विद्यार्थी त्या टोल्यावर आला होता आणि पहिल्या दीडशे शब्दांत त्याने तो चोख टिपला होता. शेवटच्या दोन पानांवर मात्र आजीबाई ‘र’ म्हणत असता वहीत ‘ळ’ लिहिलेला आहे, अक्षर मोठे आणि उतरते झाले आहे, आणि एक शब्द दोनदा आला आहे. म्हणजे आम्ही टोला सोडण्यापूर्वीच, तापलेल्या पत्र्याखाली बसल्या बसल्या, त्याचा कान आणि हात शिणले होते. ते माझ्या डोळ्यांसमोर होते.

उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. परंतु रानात ते मोजण्याचे साधन नसते. मोजता येते ती भाषा. असंबद्ध उत्तर, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, जड जीभ, अकारण हसणे किंवा चिडणे, नाव-गाव-वार न आठवणे, यांपैकी काहीही दिसले की तो थकवा नव्हे असे समजून तत्काळ थांबावे. अंग कोरडे पडण्याची वाट पाहू नये. चालताना झालेल्या उष्माघातात घाम चालूही असू शकतो. प्रथम अंग थंड करावे, नंतर हलवावे: सावली, सर्वांगावर पाणी, वारा, मान-काखा-जांघांत ओले कपडे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळ्यांचा येथे उपयोग नाही. ज्याला उष्माघात होतो त्याला स्वतःला तो कळत नाही, म्हणून दर अर्ध्या तासाने एकमेकांना काही साधे विचारण्याची जबाबदारी जोडीदारावर असावी. दौऱ्याच्या आखणीत जोड्या लावणे हे त्यासाठी आहे.

यामुळेच परत फिरण्याचे किंवा थांबण्याचे निर्णय आदल्या रात्री, थंड डोक्याने, लिहून ठेवावे लागतात. विभागात आता आम्ही एक साधा कागद भरून घेतो. त्यात अंतर शेवटी येते. आधी दुपारचे ठिकाण आणि यजमानांची संमती, मग ‘नऊ वाजेपर्यंत अमुक ठिकाणी पोचलो नाही तर तेथून मागे फिरणार’ असे स्पष्ट वाक्य, पाण्याच्या खात्रीच्या जागा, जोड्या, आणि रात्री आठपर्यंत निरोप न आल्यास चौकशी कोणी करावयाची त्याचे नाव. एक प्रत विभागात, एक मुक्कामाच्या गावी. भ्रमणध्वनी असताना कागद कशाला, असे विचारणाऱ्यांना सालेकसा तालुक्याच्या दऱ्यांत एकदा पाठवावे.

त्या टोल्यावरच्या सूचीतले शेवटचे चाळीस शब्द आम्ही रद्द धरले आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा घेतले. त्याच विद्यार्थ्याने ते घेतले. कालव्याची ती चार किलोमीटरची वाट त्या दिवशी पाऊण तासात सरली, आणि आजीबाईंकडे या वेळी आम्ही जेवायला थांबलो.